धुराची दिशा

सू निंगने दुसऱ्या चित्राची घडी उलगडली आणि धूर उजवीकडे जाताना दिसला. मी खुर्चीची पाठ धरली. संग्रहालयाच्या तळघरात वारा नव्हता. वरच्या जाळीतून कोरडी हवा मोजून सोडल्यासारखी येत होती, आणि तेवढ्या हवेनेही घडीचा एक कोपरा हलत होता. "मावशी, बसता का? चेहरा उतरलाय तुमचा," सू निंग म्हणाली. "जिना उतरून आले ना," मी म्हटलं. जिन्याला अकरा पायऱ्या होत्या. मी येताना मोजल्या होत्या. मी सगळंच मोजते.

टेबलावर आता दोन चित्रं होती. दोन्हींत तीच फन नदी, डावीकडे तोच पश्चिमेचा डोंगर, उजवीकडे पोलाद कारखान्याच्या त्याच तीन चिमण्या, आणि काठावर तांदळाएवढं एक माणूस, एक हात वर केलेलं. दोन्हींवर बाबांच्या अक्षरातली एकच ओळ, एकच तारीख, एकच लाल शिक्का: दुआन बोशान. पहिल्या चित्रात धूर चिमण्यांतून निघून डावीकडे, डोंगराकडे झुकलेला होता. ते चित्र कारखान्याने संग्रहालयाला दिलं, दिनदर्शिकेवर छापलं गेलं, आमच्या घरातही त्याची एक छापील प्रत आहे. दुसऱ्यात धूर उजवीकडे, कागदाच्या कडेपर्यंत आणि कडेच्याही बाहेर गेलेला. हे चित्र मी शेवटचं पाहिलं तेव्हा दहा वर्षांची होते. ते कारखान्याच्या भोजनगृहाच्या चुलीत जाळलं असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. त्याच्यावर आठ घड्यांच्या खुणा होत्या आणि एका कोपऱ्यात तेलाचा डाग, कपड्यांच्या पेटीत ठेवलेल्या वस्तूला पडतो तसा.

"याओ देशंग यांच्या मुलीने आणून दिलं," सू निंग म्हणाली. "ते दवाखान्यात आहेत, फुफ्फुसांचं काहीतरी. चिठ्ठी नाही, निरोप नाही, काही मागणं नाही. आमच्या साहेबांना वाटतंय नक्कल आहे. तुमच्या वडिलांचे शिष्यच होते ते, गुरूचा हात यायचाच. आणि मावशी, पासष्ट साली कोण शहाणा पश्चिमेचा वारा काढेल?" ती हसली. तिचं वय अठ्ठावीस. तिच्या वयाच्या माणसांना ही गंमत वाटते, आणि तसंच असायला हवं. चित्रात उजवीकडे पूर्व असते. त्या काळी पूर्वेचा वारा म्हणजे आपण आणि पश्चिमेचा वारा म्हणजे ते, समुद्रापलीकडचे. म्हणून चित्रांतले झेंडे, गव्हाची कणसं, बायकांच्या वेण्या, चिमण्यांचा धूर, सगळं डावीकडे उडायचं. देशभर वारा एकाच दिशेने वाहत होता, कागदावर.

तिने माझ्यापुढे एक अर्ज सरकवला. मूळ की नक्कल, आधार काय, कुटुंबीयांची सही. त्याच्याखाली प्रदर्शनाच्या पुस्तकाचं तपासणीसाठी काढलेलं पान होतं. "हेही वाचून द्या. तुमच्या आईंनी मुलाखत इतकी छान दिली! शुक्रवारी छापायला जातंय." पानावर लिहिलं होतं की सहासष्ट साली दुआन यांचाच शिष्य याओ देशंग याने धुराच्या दिशेवरून त्यांच्याविरुद्ध तक्रार केली, चित्र भिंतीवरून त्यानेच उतरवलं, पुढे दुआन यांची जागाही त्यालाच मिळाली, दुआन यांना कोळसा भाजायच्या कोकभट्टीवर पाठवण्यात आलं, तिथेच त्यांची छाती गेली. सगळी वाक्यं छोटी आणि स्वच्छ होती. पहिलं वाक्य सोडून सगळी खरी होती. मी पान उलटं ठेवलं. "आणि हे धुराबद्दल काय लिहिलंय?" मी विचारलं, काहीतरी विचारायला हवं म्हणून. "ती चित्राखाली भिंतीवर लावायची पट्टी. ‘हवेच्या प्रदूषणाची पहिली चाहूल लागलेला चित्रकार’." "त्यांना धूर आवडायचा," मी म्हटलं. "काय सांगता!" "फार आवडायचा." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे नका हं कुणाला सांगू," आणि पुन्हा हसली.

परतताना मी बस सोडून चालत निघाले. नोव्हेंबर लागला की आमच्या शहरात कोळशाचा वास येतो, आणि माझ्यासारखीला तो वास आकड्यांत ऐकू येतो. एकतीस वर्षं मी हवामानाच्या वेधशाळेत आहे. गेली नऊ वर्षं रोज संध्याकाळी उद्याच्या हवेचा अंदाज मी लिहिते. निळ्या आकाशाचे दिवस किती भरले त्याचा तक्ता माझ्या टेबलामागे लावलेला असतो, आणि महिनाअखेरीला दिवस कमी पडले की वरून विचारणा होते, जणू मी ते पाकिटातून काढून द्यायचे. पश्चिमेचा डोंगर नदीपासून फार लांब नाही, पण पुलावरून तो दिसला नाही. आमच्या इमारतीचं नाव ‘नील पर्वत उद्यान’ आहे. तिच्या दारातल्या दालनात छापील निसर्गचित्र आहे, भिंतभर: धुकं, पाइनची झाडं, धबधबा, आणि माणूस मुळीच नाही. लोक लिफ्टची वाट बघत त्याच्याकडे बघतात. मला त्या चित्राची भीती वाटते, ती का ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. त्यात धुकं कुठून कुठे चाललंय ते समजत नाही. माणूस नाही म्हणून विचारणारं कुणी नाही.

बाबांच्या गुरूंचं एक चित्र आमच्याकडे कपाटामागे, पाठ करून ठेवलेलं असे. आई घरात नसली की बाबा ते काढून मला दाखवत. वरपासून खालपर्यंत डोंगर. "माणूस शोध," ते म्हणत. मला तो शोधायला वेळ लागायचा. कधी पुलावर, कधी झाडाच्या बुंध्याशी, तांदळाचा दाणा. तो सापडला की डोंगर आणखी मोठा व्हायचा. मधे बराच कागद कोरा होता आणि त्याला ढग म्हणायचं असतं हे मला कुणी शिकवलं नाही, ते दिसायचंच. पुढे बाबा कारखान्याच्या प्रचार विभागात चित्रकार झाले तेव्हा त्यांच्या पहिल्याच चित्रापुढे तिथल्या समितीचे एक गृहस्थ उभे राहिले आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "कॉम्रेड दुआन, हे काय?" "धुकं आहे." "धुकं! इतकी जमीन वाया घालवलीत." ही गोष्ट बाबा घरी हसून सांगत, दार लावून. समितीला डोंगर कामाला लागलेला हवा होता: त्याच्यावर पायऱ्यांची शेतं, त्याच्या पोटात सुरुंग, त्याच्यासमोर त्याच्याएवढाच उंच माणूस. बाबांनी पायऱ्या काढल्या, सुरुंग काढले. माणूस मात्र त्यांना मोठा काढता येईना. मग त्यांना चिमण्या सापडल्या. ज्या हाताने ते ढग काढत त्याच हाताने, त्याच ओल्या कुंचल्याने, शाई कागदात फुटू देत त्यांनी धूर काढला, आणि डोंगराचा पाय त्यात बुडवला. समितीला उत्पादन दिसलं. बाबांना ढग परत मिळाला. आज सू निंगला त्यात विष दिसतं, आणि तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. त्या धुरात काय काय असतं ते तिच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. तोच धूर आहे. आम्ही बदलत गेलो.

ते चित्र काढलं तो दिवस मला आठवतो कारण मी तिथे होते. चिमण्यांसमोर नदीकाठी बाबा पाठकोऱ्या कागदावर रेघा मारत होते, शाई गोठू नये म्हणून बाटली काखेत धरून. मी कंटाळले तेव्हा त्यांनी मला वारा ओळखायला शिकवलं. बोट तोंडात घालून ओलं करायचं, वर धरायचं, ज्या बाजूने गार लागेल तिकडून वारा. "वारा कुठे चालला ते विचारायचं नाही. कुठून आला ते विचारायचं. त्यावरून त्याचं नाव." माझ्या बोटाला डावीकडून गार लागलं, डोंगराकडून, जरा पुढूनही. "वायव्येचा," मी म्हटलं. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी माझा मफलर सोडून मोकळा उडू दिला, आणि तो उजवीकडे उडाला. "आता हललीस तर बघ," ते म्हणाले. मी बोट वर धरून उभी राहिले, खांदा दुखेपर्यंत. काठावरचं ते तांदळाएवढं माणूस मी आहे. प्रदर्शनाच्या पुस्तकात लिहिलंय की एक कामगार चिमण्यांना अभिवादन करतो आहे.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात शाळेच्या बाईंनी वर्ग भोजनगृहात नेला. चित्र तिथे दीड वर्ष लागलेलं होतं, वाफेने काच धुरकट व्हायची. दिवस असे आले होते की मोठी माणसं जेवताना बोलत नसत. बाई म्हणाल्या, "बघा मुलांनो, आपल्या देशावरून कुठला वारा वाहतोय?" सगळे ओरडले, "पूर्वेचा!" मी हात वर केला. ते माझ्या बोटात होतं, त्याला मी काय करणार? मी उभी राहून सांगितलं की चित्रात उजवीकडे पूर्व आहे, धूर उजवीकडे जातोय, म्हणजे वारा पश्चिमेकडून येतोय, नीट सांगायचं तर वायव्येकडून; आणि मला नक्की माहीत आहे कारण मी तिथे होते, आणि माझ्या बाबांनीच तो तसा काढलाय. कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "खाली बस." मला वाटलं त्यांना समजलं नाही म्हणून मी पुन्हा सांगितलं.

त्या संध्याकाळी आमच्या चाळीच्या अंगणात नळाशी याओ देशंग उभा होता. तो तेव्हा बावीस वर्षांचा, उंच, कान बाहेर आलेले. मी त्याला दादा म्हणायचे. समितीच्या बैठकीत बोललेलं लिहून घेणं हे त्याचं काम होतं. माझी बादली भरेपर्यंत तो थांबला. मग नळ बंद करत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "वेन, तू आज शाळेत काही बोलली नाहीस." "बोलले दादा, मी..." "नाही बोललीस. नीट ऐक. तू काहीच बोलली नाहीस, आणि तुला कुणी विचारलंही नाही." बंद नळातून एकेक थेंब पडत होता. दुसऱ्या दिवशी चित्र त्यानेच उतरवलं. ज्याने उतरवलं त्यानेच नाव घेतलं, असं आई म्हणाली. चाळीस वर्षं ती तेच म्हणत आली. बाबा काहीच म्हणाले नाहीत. त्यांना तेच चित्र, तीच तारीख घालून, धूर फिरवून पुन्हा काढायला लावलं. ते त्यांनी काढलं आणि मग ते कोकभट्टीवर गेले. एकोणऐंशीत ते वारले तोवर ते नुसते खोकत होते. मी हवामानशास्त्र घेतलं तेव्हा लोक म्हणाले, मुलगी हुशार आहे, अगदी बरोबर सांगते.

गुरुवारी मी वेधशाळेच्या दफ्तरखान्यात गेले. बाबांच्या ओळीतली तारीख चांद्र पंचांगातली होती, ड्रॅगन वर्षातला शेवटचा महिना, दिवस पंधरावा. म्हणजे सतरा जानेवारी एकोणीसशे पासष्ट. दफ्तराचा कागद पिवळा पडला होता, नोंदी निळ्या शाईत, कुणा माझ्याआधीच्या माणसाच्या सावध अक्षरात. दुपारचे दोन: वारा वायव्य, सेकंदाला तीन मीटर, आकाश अर्धं झाकलेलं, धुरकटपणा. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. माझं बोट बरोबर होतं. मला वाटलं होतं की हे कळल्यावर मोकळं वाटेल, पण तसं झालं नाही, कारण ती ओळ मला दार उघडून देत होती. नुसती ही नोंद जोडली की काम झालं असतं: त्या दिवशी वारा वायव्येचा, म्हणून उजवीकडच्या धुराचं चित्र मूळ, सही दुआन वेन. शास्त्राचा पुरावा. चित्र वाचतं, याओ देशंग नक्कल करणारा ठरत नाही. तो फक्त चुगली करणारा राहतो, छापील, पुस्तकात, आणि त्याबद्दल मला कुणी विचारलेलंच नव्हतं. तू काही बोलली नाहीस, तुला कुणी विचारलंही नाही. मी नोंदीचा फोटो काढला आणि दुपारीच संग्रहालयात गेले.

सू निंगने पुन्हा दोन्ही चित्रं काढून दिली. मी तिच्याकडे भिंग मागितलं. मूळ चित्रात तांदळाएवढ्या मुलीच्या गळ्यापासून केसाएवढी एक लाल रेघ उजवीकडे गेली होती, मफलर. मी भिंग दुसऱ्या चित्रावर नेलं, ज्यात धूर समितीच्या सांगण्यावरून डावीकडे वळवलेला होता. हात वर. बोट वर. आणि लाल रेघ उजवीकडे. मी भिंग जवळ घेतलं, लांब नेलं. चिमण्यांचा धूर फिरवला होता, नदीवरच्या लाटा फिरवल्या होत्या, गवतही फिरवलं होतं, इतक्या काळजीने की एक पातं सुटलं नव्हतं. फक्त मुलीचा वारा बाबांनी होता तिथेच ठेवला होता. "काय दिसलं?" सू निंगने विचारलं. मी भिंग खाली ठेवलं. वर्गात कोण बोललं ते बाबांना माहीत होतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर, मी पुढ्यात बसून वाटीतल्या नूडल्सकडे बघत असताना, तेरा वर्षं त्यांना माहीत होतं.

अर्जात ‘मूळ’ वर खूण केली. आधार या रकान्यात वाऱ्याची नोंद लिहिली. मग छापायचं पान सरळ केलं, याओ देशंगच्या तक्रारीच्या वाक्यावर रेघ मारली आणि समासात लिहिलं: धुराची दिशा चित्रकाराच्या मुलीने, दुआन वेन, वय दहा, हिने वर्गात सांगितली. याओ देशंग यांनी चित्र जाळायची आज्ञा मोडून ते त्रेचाळीस वर्षं जपलं. सू निंगने वाचलं. तिच्या तोंडाला लावायची पट्टी हनुवटीखाली लोंबत होती, ती तिने उगाचच वर केली आणि खाली केली. "मावशी, हे छापायचं?" "हो." "आईंना माहीत आहे?" "संध्याकाळी होईल."

आई एकोणऐंशी वर्षांची आहे आणि तिला फक्त माझा आवाज ऐकू येत नाही, बाकी सगळं ऐकू येतं. मी गेले तेव्हा ती किटलीत काहीतरी खळखळवत होती. स्वयंपाकघरभर व्हिनेगरचा आंबट, काळा वास होता. दर नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी याओ देशंग आमच्या दाराशी जुन्या व्हिनेगरची बरणी ठेवून जातो, घंटी न वाजवता. बाबा गेले त्या वर्षापासून. आमच्या प्रांतात माणूस व्हिनेगर फेकत नाही, आईसुद्धा नाही, पण त्याचं ती जेवणाला लावत नाही. त्या व्हिनेगरने ती किटलीत जमलेला क्षारांचा थर काढते. "बघ कशी लखलखते," ती म्हणाली. "मेल्याचा माल चांगला असतो, एवढं कबूल केलं पाहिजे. जेवलीस?" "आई, बस जरा." "तू बस. मला काम आहे." मी उभ्यानेच सांगितलं. भोजनगृह, बाई, बोट, नळ. सांगताना मी दिशा नीट सांगत होते, उजवीकडे, डावीकडे, वायव्य, हे माझ्या लक्षात आलं आणि मी मधेच थांबले. आईने किटली सांडशीजवळ ठेवली. तिने नळ सोडला, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

"किती वर्षांची होतीस?"

"दहा."

"दहा. आणि दोनदा सांगितलंस."

"हो."

"बरोबर सांगायची तुला पहिल्यापासून भारी हौस." ती पाटावर बसली. मला वाटलं आता ती बाबांबद्दल विचारेल, आणि लाल रेघेचं मी सांगेन, पण तिने विचारलं नाही. ती किटलीकडे बघत होती, जणू ती कुणी दुसऱ्याची आपल्याकडे राहून गेलेली वस्तू आहे. "चित्र त्याने कुठे ठेवलं होतं?"

"पेटीत बहुतेक. तेलाचा डाग आहे."

"आणि रस्त्यात भेटला की मी थुंकायचे," ती म्हणाली. "तोंडावर नाही. बाजूला. पण त्याला दिसेल असं." मग तिने पाय सरळ केले आणि गुडघा दाबत म्हणाली, "फोन लाव."

"आत्ता? तो दवाखान्यात आहे, आई."

"मग कधी? तो गेल्यावर लावू?"

नंबर सू निंगने दिलेला माझ्याकडे होता. मुलीने उचलला, मी आमचं नाव सांगितलं तेव्हा पलीकडे काही हललं, खुर्ची किंवा पलंग. थोड्या वेळाने श्वास ऐकू आला, लांबचा, शिट्टी वाजावी तसा, बाबांचा शेवटी शेवटी असायचा तसाच. मी फोन आईच्या हातात दिला. तिने तो कानाला लावला, दुसऱ्या हाताने किटली जवळ ओढली आणि तिच्या झाकणावर बोट ठेवून बसली. पलीकडून खोकत, दमत कुणीतरी विचारत होतं, कोण, कोण बोलतंय. मी पुढे होऊन तिला सांगणार होते काय म्हणायचं ते. मी गप्प राहिले.

"याओ," आई शेवटी म्हणाली, "तुझ्या व्हिनेगरने किटली स्वच्छ झालीय."